जुनी मोटरहोम घेतली, आता गॅस आणि वीज कुठून तपासायची?

जुनी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घरी आणली की पहिल्या रात्री साधारण हेच होतं. दिवे मिणमिणतात, फ्रिज लाल दिवा दाखवतो, फर्नेसचा पंखा घूं घूं फिरतो पण ऊब काही येत नाही, आणि विकणारा फोनवर सांगतो की माझ्याकडे तर सगळं चालत होतं हो. तो खोटंच बोलत असेल असं नाही. गाडी सहा-आठ महिने नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते, जोडांवर गंज चढतो, बर्नरच्या नळीत कोळी संसार थाटतो, आणि हे सगळं एकाच दिवशी तुमच्या गळ्यात पडतं.

अशा वेळी आपण हमखास करतो ती चूक म्हणजे गॅसवरचं काही चाललं नाही की गॅसच्या मागे लागायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अमेरिकन बनावटीच्या मोटरहोममधला फर्नेस, गिझर, फ्रिज हे गॅसवर चालत असले तरी त्यांचं डोकं १२ व्होल्टवर चालतं, गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा की नाही हे एक छोटं सर्किट बोर्ड ठरवतं आणि त्या बोर्डला धड व्होल्टेज मिळालं नाही तर टाकी भरलेली असून उपयोग शून्य. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॅटरी, मग १२ व्होल्ट, मग बाहेरची वीज, मग गॅसची लाइन, आणि सगळ्यात शेवटी एकेक उपकरण. पार्ट मागवायची घाई अजिबात करू नका.

हात लावायच्या आधी

बाहेरची वीज काढा, जनरेटर बंद, गॅसच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. आता मोबाइल काढून बॅटरीच्या कप्प्याचे चारी बाजूंनी फोटो घ्या, कारण आधीच्या मालकाने जोडलेल्या सात-आठ वायरींपैकी कुठली कुठे होती हे काढल्यावर कुणालाच आठवत नाही.

मग दोन डिटेक्टर शोधा. गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, गळला तर खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा किंवा त्यातच जोडलेला असतो. काढून मागची तारीख बघा, बहुतेकांचं आयुष्य ५ ते ७ वर्षं असतं आणि जुन्या गाड्यांत दहा-दहा वर्षांपूर्वीचे डिटेक्टर हिरवा दिवा दाखवत निवांत बसलेले असतात. टेस्टचं बटण दाबल्यावर वाजला म्हणजे भोंगा चालतोय एवढंच कळतं, आतला सेन्सर गेलाय का ते नाही. तारीख उलटली असेल तर पुढचं काहीही करायच्या आधी नवीन बसवा, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

आणि एक, गाडी अमेरिकेतली असेल तर एनएचटीएसए या तिथल्या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या साइटवर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा, शिवाय फ्रिज-फर्नेसच्या पाटीवरचा सिरियल नंबर त्या त्या कंपनीकडे वेगळा तपासा. फुकटचं काम आहे, दहा मिनिटांचं.

हत्यारं फार नाही लागत. बरा मल्टीमीटर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, टॉर्च, गाडीचे पात्याचे फ्यूज सगळ्या अँपिअरचे, आणि साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली.

दोन बॅटऱ्या, दोन विजा

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. इंजिन चालू करणारी बॅटरी वेगळी आणि घराची, म्हणजे दिवे-पंप-फर्नेस चालवणारी बॅटरी वेगळी. ड्रायव्हिंग करताना एक रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच, त्यांना जोडतो म्हणजे अल्टरनेटर दोघींना चार्ज करतो, इंजिन बंद झालं की त्या परत वेगळ्या. त्यामुळे इंजिन झोकात चालू होतंय आणि घरात अंधार, यात काही भुताटकी नाही.

वीजही दोन प्रकारची. १२ व्होल्ट डीसी बॅटरीची, आणि १२० व्होल्ट एसी बाहेरून किंवा जनरेटरवरून येणारी. एअर कंडिशनर (पुढे एसी म्हणजे हाच), मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट १२० वर, बाकी बहुतेक सगळं १२ वर. कन्व्हर्टर १२० चं १२ करतो आणि बॅटरी चार्ज करतो, इन्व्हर्टर उलटं काम करतो. नावं सारखी वाटतात म्हणून लोक एकाच्या जागी दुसरा मागवतात, मीही मागवला होता, असो.

बॅटरी

बाहेरची वीज काढून, सगळं बंद ठेवून गाडी चार-पाच तास तरी तशीच राहू द्या, मग बॅटरीच्या थेट खांबांवर मीटर लावा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजलं तर १३ च्या वरचा आकडा दिसतो आणि आपण खूश होतो, तो आकडा फसवा असतो.

पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका. फर्नेसचा पंखा आणि चार-पाच दिवे चालू करून परत खांबांवर मोजा. १२.६ ची बॅटरी दोन-तीन मिनिटांत ११ च्या खाली आली तर ती संपलेली आहे, तिला चार्जरवर आठवडाभर ठेवलं तरी काही होणार नाही. दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ केलेले असतील तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा, एक ६.३ आणि दुसरी ५.६ असं निघालं तर चोर सापडला. झाकणाच्या बॅटरीत पाणी बघा, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. चष्मा घाला आणि ठिणगी-काडी लांब ठेवा, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो.

चार्जरने उकळलेल्या बॅटरीचा सडक्या अंड्यासारखा वास गॅसचा डिटेक्टरही वाजवू शकतो. सगळे गॅसची गळती शोधत बसतात आणि दोषी निघते बॅटरी. तरी डिटेक्टर वाजला की पहिली हालचाल बाहेर पडायचीच, शहाणपणा नंतर.

माझी दोन दिवसांची माती

माझ्या गाडीत फर्नेसचा पंखा फिरायचा, अर्ध्या मिनिटाने काहीच पेटायचं नाही. शेगडी मात्र मस्त निळी जळत होती, म्हणजे गॅस होता. मी ठरवून टाकलं की गॅसचा व्हॉल्व्ह गेला. फर्नेस बाहेर काढला, साफ केला, परत बसवला, गुडघे सोलून निघाले, आणि पंखा परत तसाच फिरतोय.

मग एका जाणत्या काकांनी विचारलं, "अरे, पंखा फिरताना व्होल्टेज मोजलंस का?" मोजलं. बॅटरीच्या खांबांवर १२.२. फर्नेसला जिथे वायर येतात तिथे १०.२. मधले दोन व्होल्ट कोण खातंय? मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरी गाडीच्या उघड्या चासीला लावली, पंखा चालू ठेवून. १.७ व्होल्ट! तिथे खरं तर शून्याच्या जवळ, फार तर ०.१-०.२ दिसायला पाहिजे. चासीला जिथे मायनसची जाड वायर बोल्टने आवळलेली होती ते टोक वरून बरं दिसत होतं, पण हात लावला तर कोमट. बोल्ट सोडला तेव्हा खाली हिरवी-पांढरी भुकटी आणि त्याखाली चासीचा काळा रंग तसाच. कुणीतरी रंगावरच आवळून टाकलं होतं. बॅटरीची मायनस काढून ते टोक आणि चासी पॉलिश पेपरने चकचकीत घासली, परत घट्ट आवळलं, वरून ग्रीस लावलं. अकरा मिनिटांचं काम. फर्नेस पहिल्या झटक्यात पेटला.

आता हे पेटत का नव्हतं? फर्नेसमध्ये एक हलकं पातं असतं, सेल स्विच म्हणतात, पंख्याच्या वाऱ्याने ते ढकललं गेलं तरच बोर्ड पुढे जातो आणि गॅस सोडतो. व्होल्टेज कमी म्हणजे पंखा हळू, वारा कमी, पातं हलत नाही, गॅस नाही. पंखा फिरतोय हे आपल्याला ऐकू येतं, पण पुरेसा फिरतोय का ते कान सांगत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं: व्होल्टेज नेहमी दोन ठिकाणी मोजा, बॅटरीवर आणि उपकरणावर, आणि ते उपकरण चालू असताना. बंद असताना सडकी जोडणीसुद्धा १२.६ दाखवते.

फ्यूज आणि लपलेले स्विच

बॅटरी ठणठणीत आणि घरात तरी अंधार असेल तर आधी डिसकनेक्ट स्विच. बऱ्याच गाड्यांत दाराजवळ एक छोटं बटण असतं, 'यूज' आणि 'स्टोअर' लिहिलेलं, ते बॅटरीजवळचा एक रिले हलवतं. दाबल्यावर लांबून 'टक' आवाज यायला पाहिजे. नाही आला तर रिले अडकलाय किंवा त्याचा छोटा फ्यूज उडालाय.

मग फ्यूज पॅनल. फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका, मीटरने दोन्ही टोकांना मोजा, दोन्हीकडे १२ आलं पाहिजे. कन्व्हर्टरच्या पॅनलवर इतरांपासून बाजूला, बहुतेक वेळा दोन, ३० किंवा ४० अँपिअरचे फ्यूज असतात. बॅटरी क्षणभर जरी उलटी जोडली गेली तरी ते उडतात, त्यांचं काम तेवढंच. नवीन बॅटरी बसवल्यानंतर सगळं बंद पडलं असं कुणी सांगितलं की मी आधी हेच विचारतो. आणि फ्यूज परत परत उडतोय म्हणून २० च्या जागी ३० टाकायचा नाही, मग फ्यूजऐवजी वायर जळते, तीही भिंतीच्या आत.

बाहेरची वीज

गाडी जोडायच्या आधी कॅम्पच्या जागेवरच्या विजेच्या खांबावरचा सॉकेट मोजायची सवय लावून घ्या. ३० अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट १२० व्होल्टचाच असतो. इथे एक जीवघेणी गडबड होते: हा सॉकेट कपडे वाळवायच्या मशीनच्या सॉकेटसारखा दिसतो, त्यामुळे घरी बसवून घेताना मोटरहोमची माहिती नसलेला इलेक्ट्रिशियन त्याला २४० जोडून देतो आणि पहिल्याच दिवशी कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, एसी सगळं फुकून टाकतो. २४० दिसलं तर प्लग लावायचाच नाही. ५० अँपिअरच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये मात्र दोन लाइन असतात, प्रत्येक न्यूट्रलशी १२० आणि एकमेकींशी २४०, तिथे ते बरोबर आहे. क्षमतेतला फरकही समजून घ्या, ३० अँपिअरला ३६०० वॅट मिळतात आणि ५० ला १२०००, म्हणून ३० वर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडू शकतो आणि ते बिघाडाचं लक्षण नाही.

एसी चालू असताना व्होल्टेज १०५ च्या खाली जात असेल तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर मरतो. आणि ओल्या जमिनीवर उभं राहून गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ताबडतोब खांबावरचा ब्रेकर पाडा. अर्थिंग तुटलंय. "थोडं करंट मारतं, जुनी गाडी आहे" असं म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही, माणूस जातो यात.

भिंतीतले दोन-चार सॉकेट मेलेत पण बाकी चालतात? बाथरूममधल्या किंवा किचनमधल्या जीएफसीआय सॉकेटचं, म्हणजे करंट गळला की आपोआप वीज तोडणाऱ्या सॉकेटचं, रीसेट बटण दाबा, बाहेरचे सॉकेटही बहुतेक त्याच्याच मागे जोडलेले असतात.

कन्व्हर्टरची परीक्षा सोपी: बाहेरची वीज नसताना बॅटरीवर आकडा घ्या, समजा १२.३. वीज लावा, आकडा चढून १३.२ ते १४.४ च्या मध्ये कुठेतरी गेला पाहिजे. जागचा हलला नाही तर कन्व्हर्टरचा ब्रेकर, मग ते दोन उलट्या जोडणीचे फ्यूज, आणि ते ठीक असतील तरच कन्व्हर्टर. पॅनल उघडायच्या आधी प्लग काढलेला पाहिजे, जनरेटर बंद पाहिजे आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, त्याच पेटीत १२ च्या शेजारी १२० नांदत असतात.

आता गॅस

मोटरहोमची टाकी चासीला पक्की बसवलेली असते, ती काढून भरायला नेता येत नाही, आणि ती ८० टक्केच भरतात कारण गॅस गरम झाला की फुगतो. काटा ८० वर अडला म्हणून भरणाऱ्याशी भांडू नका.

सगळी उपकरणं बंद ठेवून मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, अगदी सावकाश. झटक्यात उघडला तर आतला सुरक्षा व्हॉल्व्ह समजतो की पाइप फुटला आणि प्रवाह जवळजवळ बंद करून टाकतो. मग शेगडी पेटते पण ज्योत मरतुकडी, आणि दुसरी बर्नर लावली की दोन्ही विझतात. उपाय: सगळं बंद, मुख्य व्हॉल्व्ह बंद, पाच-दहा मिनिटं थांबा, परत हळू उघडा. याने ठीक झालं तर रेग्युलेटर बदलायचे पैसे वाचले.

मग साबणाचं पाणी. टाकीपासून सुरुवात करून जिथे जिथे जोड आहे तिथे मारा आणि दोन मिनिटं नीट बघा, छोटी गळती भसाभसा फेस काढत नाही, एकेक बुडबुडा सावकाश फुगतो. अमोनिया किंवा क्लोरिन असलेलं क्लिनर वापरू नका, पितळ-तांबं खातं. पितळी फ्लेअर जोड गळत असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही, तो जोड धातूला धातू बसून बंद होतो, टेपने उलट नीट बसत नाही. दोन पाने लावून आवळा, एकाने धरायचं एकाने फिरवायचं, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते. काडी लावून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

वास आला तर स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्हीत पडते. सगळे बाहेर, बाहेरून टाकी बंद, दारं उघडी.

खरी खात्री मॅनोमीटरने, म्हणजे गॅसचा दाब मोजणाऱ्या यंत्राने होते. हे काम परवानाधारक टेक्निशियनकडून करून घ्या, पण तो काय करतोय ते समजलेलं बरं. लाइनमध्ये दाब भरून टाकी बंद करतात, एक बर्नर जराशी सोडून दाब ८ इंच वॉटर कॉलमवर (गॅसचा दाब मोजायचं एकक) आणतात, आणि ३ मिनिटं काटा हलता कामा नये. ८ वर आणायचं कारण म्हणजे टाकी आणि रेग्युलेटरच्या मध्ये अडकलेला जादा दाबाचा गॅस गळती झाकून ठेवतो. नंतर काही उपकरणं चालू ठेवून चालता दाब ११ इंच येतोय का बघतात, आणि सगळं बंद केल्यावर १४ च्या वर चढता कामा नये. चढत असेल तर रेग्युलेटर आतून गेलाय, तो बदलायचाच. त्याच्या श्वासाच्या भोकाचं तोंड खाली आहे आणि त्यात चिखल नाही एवढं तुम्ही स्वतःही बघू शकता.

एकेक उपकरण

पहिली शेगडी. महिनोन्महिने बंद लाइनमध्ये हवा भरलेली असते, ती शेगडीतून काढून टाकली नाही तर गिझर आणि फ्रिज तीनदा प्रयत्न करून लॉक होतात आणि आपण त्यांना नावं ठेवतो. ज्योत निळी आणि ठाम हवी. पिवळी, काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडतेय.

गिझर. गॅसवर पेटवायच्या आधी आणि विजेचा स्विच लावायच्या तर नक्कीच आधी, टाकीत पाणी आहे का ते बघा. गरम नळाला पाणी येतंय म्हणजे टाकी भरली असं समजू नका. थंडीसाठी बायपास, म्हणजे पाणी टाकीला वगळून नेणारा व्हॉल्व्ह, फिरवून ठेवला असेल तर टाकी कोरडी असूनही नळाला पाणी येतं. बायपास नीट करा आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या रिलीफ व्हॉल्व्हची दांडी किंचित उचला, पाणी आलं म्हणजे भरली. कोरड्या टाकीत हीटरची कॉइल काही सेकंदांत जळते. गॅसवर टकटक ठिणगी पडतेय पण पेटत नसेल तर बर्नरची नळी काढून आरपार बघा. कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर, दोन्ही मी काढलंय. जेटच्या भोकात मात्र तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत बिघडते.

फर्नेसबद्दल वर सांगितलंच. पंखा फिरतो पण ठिणगीचा आवाजच नाही, तर व्होल्टेज, सेल स्विच, हवा परत आत घेणारी तुंबलेली जाळी. ठिणगी आहे पण ज्योत नाही, तर गॅस. पेटून काही सेकंदांत विझतो, तर ज्योत ओळखणाऱ्या इलेक्ट्रोडवरची काजळी किंवा बोर्डची अर्थिंग.

फ्रिजला धीर लागतो. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया उकळवून थंडी तयार होते, त्यामुळे गाडी सपाट उभी पाहिजे आणि थंड व्हायला १२ तास किंवा जास्तही लागतात. दोन तासांनी दार उघडून हळहळू नका. विजेवर थंड होतो पण गॅसवर नाही, तर मागची बाहेरची झडप उघडून बर्नरवर पडलेला गंज साफ करा. दोन्हीवर नाही, आणि मागे पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा झणझणीत वास असेल तर त्याचं कूलिंग युनिट फुटलंय. तो लगेच बंद करा, गॅसवर तर अजिबात चालवू नका.

जनरेटर शेवटी, आणि थोडक्यात. पेट्रोलचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पितो पण त्याची नळी मुद्दाम उंचावर ठेवलेली असते, साधारण पाव टाकी उरली की त्याला पेट्रोल मिळत नाही, म्हणजे जंगलात अडकलात तरी घरी परतण्यापुरतं राहावं. तेव्हा कार्ब्युरेटर उघडायच्या आधी समोरचा पेट्रोलचा काटा बघा.